आवड कार्यकारी नियंत्रणाची, पदवी मानसशास्त्राची, गणित दहावीपर्यंतच

पत्र : मी सांगलीत मानसशास्त्र घेऊन टी.वाय.बी.ए.ला आहे. प्रॅक्टिकलला स्ट्रूपचा प्रयोग केला (रंगाचं नाव वेगळ्याच शाईत लिहिलेलं, सांगायचा मात्र शाईचा रंग), तेव्हापासून मेंदू स्वतःला आवरतो कसा, या प्रश्नाने पछाडलं आहे. ज्या संशोधकांची माहिती वाचते त्यांच्या नावापुढे ‘कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स, रस : एक्झिक्युटिव्ह कंट्रोल’ (बोधात्मक मेंदूविज्ञान, रस : कार्यकारी नियंत्रण) असं लिहिलेलं असतं आणि मागची पदवी बघावी तर इंजिनिअरिंग, फिजिक्स नाहीतर एमबीबीएस. माझं गणित दहावीनंतर सुटलं. घरचे म्हणतात, बी.एड. कर किंवा समुपदेशनाचा डिप्लोमा कर. या क्षेत्रात मला जागा आहे का? असेल तर आधी काय शिकू? मराठी-इंग्रजी द्विभाषिक मुलांचं एक्झिक्युटिव्ह कंट्रोल चांगलं असतं का, हा विषय डोक्यात आहे. प्राध्यापकांना मेल करताना ही आवड कशी मांडू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जागा आहे. पण ती ‘मला रस आहे’ या वाक्यावर मिळत नाही, आणि दुसरी एखादी पदवी जोडली म्हणून आपोआप मिळते असंही नाही. तुम्ही स्वतः मांडलेला एक छोटा प्रश्न, त्यासाठी नीट गोळा केलेली माहिती, आणि त्या माहितीत काय कच्चं राहिलं हे सांगता येणं, एवढं तुमच्या हातात असलं तर बी.ए. मानसशास्त्र हा अडसर राहत नाही. हे काम लॅपटॉपवर, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वर्षभरात होतं. गणित त्याच्या बरोबरीने भरून काढता येतं.

पदव्यांचं दडपण आधी बाजूला ठेवूया. ब्रेंडा मिल्नर केंब्रिजला गणित शिकायला गेल्या आणि मानसशास्त्राकडे वळल्या. १९५२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातून त्यांनी पीएचडी केली. पुढे माँट्रियलमध्ये, मेंदूच्या पुढच्या भागाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना पत्ते लावायला देऊन त्यांनी १९६३ मध्ये जे दाखवलं ते आजही शिकवलं जातं. पत्ते लावायचा नियम मध्येच बदलतो. रुग्णाला ते कळतं, काही जण तसं बोलूनही दाखवतात, तरी हात जुन्याच नियमाने पत्ते लावत राहतो. जोनाथन कोहेन आधी डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ होते, नंतर त्यांनी बोधात्मक मानसशास्त्रात पीएचडी केली. अलेक्झांडर लुरिया यांचं बरंचसं काम दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उभं राहिलं. या विषयाला एकच दरवाजा कधीच नव्हता. इंजिनिअर येतात ते संगणकी प्रतिमानं आणि संकेत-विश्लेषण घेऊन, डॉक्टर रुग्ण घेऊन. मानसशास्त्राचा विद्यार्थी प्रयोग रचण्याची शिस्त घेऊन येतो. या क्षेत्रात चुकीचे निष्कर्ष बहुतेक वेळा प्रयोगाच्या ढिल्या रचनेतूनच निपजतात, त्यामुळे तुमची बाजू कमकुवत नाही.

आता विषयाकडे. कार्यकारी नियंत्रण म्हणजे इच्छाशक्ती नव्हे, संयम नव्हे, ‘मोबाइल बाजूला ठेवता येणं’ही नव्हे. सवयीने किंवा समोरच्या गोष्टीच्या ओढीने जी कृती आपसूक होईल, तिच्याऐवजी मनात धरलेल्या उद्दिष्टाप्रमाणे कृती घडवून आणणाऱ्या प्रक्रियांना मिळून हे नाव आहे. स्ट्रूपमध्ये ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत दिसला की वाचन आपसूक धावतं. ‘शाईचा रंग सांगायचा’ ही सूचना मनात टिकवून त्या धावेला मागे सारावं लागतं.

मियाके आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अनेक चाचण्यांच्या विश्लेषणातून तीन घटक मांडले. नको ती प्रतिक्रिया रोखणं, एका कामावरून दुसऱ्यावर वळणं, आणि वर्किंग मेमरीतला, म्हणजे काम चालू असताना मनात धरलेला, मजकूर ताजा ठेवणं. तिन्ही एकमेकांशी निगडित आहेत, पण एकरूप नाहीत. म्हणून ‘माझा रस एक्झिक्युटिव्ह कंट्रोलमध्ये आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याला जवळजवळ काहीच सांगत नाही. तिघांपैकी कुठला? आणि त्यातही काय? टॉड ब्रेव्हर यांनी केलेला भेद इथे कामी येतो. काही वेळा आपण आधीपासूनच उद्दिष्ट धरून सज्ज असतो, काही वेळा अडचण समोर आल्यावर सावरून घेतो. दोन्ही रीतींनी उत्तर बरोबर येऊ शकतं, पण मेंदूतला घटनाक्रम वेगळा असतो.

मेंदूच्या बाबतीतही एका जागेचं नाव घेऊन थांबू नका. अर्ल मिलर आणि कोहेन यांनी २००१ मध्ये मांडलेली कल्पना आजही पायाभूत आहे. प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे कपाळामागचा मेंदूचा भाग, स्वतः काम करत नाही, उद्दिष्ट जागं ठेवून इतर भागांतल्या स्पर्धेत योग्य मार्गाच्या पारड्यात वजन टाकतं. संघर्ष उद्भवला, चूक झाली, तर सिंग्युलेट कॉर्टेक्स या मेंदूच्या आतल्या बाजूच्या पट्ट्याच्या पुढच्या भागात हालचाल वाढते. हात थांबवण्यात बेसल गँग्लिया या मेंदूत खोलवर असलेल्या केंद्रांचा वाटा असतो. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की करा. स्कॅनमध्ये एखादा भाग उजळला म्हणून तिथे ‘नियंत्रण’ चालू आहे असं उलटं अनुमान काढता येत नाही, कारण तोच भाग दहा वेगळ्या कामांतही उजळतो. अर्जांमध्ये ही चूक फार वेळा दिसते.

हातात काय घ्यायचं

तुमचा प्रॅक्टिकलचा स्ट्रूप बहुधा कार्ड आणि स्टॉपवॉचवर झाला असेल. त्यात शंभर शब्दांचा एकूण वेळ मिळतो, पण प्रत्येक शब्दाला किती वेळ लागला, चूक कुठे झाली, चुकीनंतर गती मंदावली का, हे हरवतं. संगणकावर मराठी शब्दांचा स्ट्रूप करावासा वाटेल, तोही सध्या थांबवा. चार रंग आणि चार शब्द घेतले की सोळा जोड्या होतात, त्यांतल्या चार जुळणाऱ्या आणि बारा विसंगत. दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे हवेत म्हणून जुळणाऱ्या जोड्या तिप्पट वेळा दाखवल्या, की ‘लाल’ हा शब्द निम्म्या वेळा लाल रंगात येतो. योगायोगाने तो चौथ्या भागाइतकाच यायला हवा होता. प्रयुक्त, म्हणजे प्रयोगात भाग घेणारी व्यक्ती, न कळत हे गणित शिकतो, शब्दावरून उत्तराचा अंदाज बांधतो, आणि तुम्ही त्या शिकण्याला नियंत्रण समजून बसता. शिवाय देवनागरीच्या वेलांट्या-मात्रा काही प्रोग्राममध्ये जागा सोडतात, तेव्हा शब्द चित्र म्हणून घालावे लागतात.

सुरुवात बाणांच्या फ्लँकर चाचणीने करा. मूळ रूप एरिकसन दांपत्याने १९७४ मध्ये अक्षरांवर केलं होतं. पडद्यावर पाच बाण येतात आणि मधल्या बाणाची दिशा सांगायची असते. → → → → → हे जुळणारं, → → ← → → हे विसंगत. प्रयोग बनवायला सायकोपाय किंवा जेएस-सायक हे सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही फुकट आहेत. रचना साधारण अशी ठेवा. आधी ५०० मिलिसेकंद अधिकचिन्ह, मग बाण, उत्तर येईपर्यंत किंवा जास्तीत जास्त १५०० मिलिसेकंद. त्यानंतर ८०० ते १२०० मिलिसेकंदांचा बदलता विराम. विराम एकसारखा ठेवला तर प्रयुक्त तालावर बटण दाबू लागतो. सरावाच्या २४ ट्रायल (एकदा बाण दाखवून एक उत्तर घेणं म्हणजे एक ट्रायल), त्यात बरोबर-चूक सांगायचं. मुख्य प्रयोगाच्या १९२ ट्रायल चार भागांत, प्रत्येक भागात चारही मांडण्या (मधला बाण डावा किंवा उजवा, बाजूचे जुळणारे किंवा विसंगत) बारा-बारा वेळा. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागतात. डोळा पडद्यापासून ५७ सेंटिमीटरवर असला की पडद्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे दृष्टीचा एक अंश होतो. हे अंतर मोजून धरा आणि लिहून ठेवा.

बाण ठरावीक वेळच दाखवायचा असेल तर साध्या पडद्याचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं, हे ध्यानात ठेवा. एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची. ५० मिलिसेकंद म्हणजे तीन चौकटी, २०० म्हणजे बारा. १० मिलिसेकंद दाखवू म्हणाल तर ते होणारच नाही. कीबोर्डची ढिलाई वेगळीच. ती सगळ्यांना सारखी असेल तर दोन स्थितींच्या वजाबाकीत निघून जाते, पण ट्रायलगणिक कमी-जास्त होणारी ढिलाई गोंगाट वाढवते. म्हणून निम्म्यांनी लॅपटॉपवर आणि निम्म्यांनी मोबाइलच्या काचेवर बोट टेकवून उत्तरं द्यायची, असं करू नका.

माहिती हातात आल्यावर नव्हे, आधीच लिहून ठेवा : २०० मिलिसेकंदांच्या आतली उत्तरं काढणार, सरासरी फक्त बरोबर उत्तरांवर घेणार, ८० टक्क्यांपेक्षा कमी अचूक असलेला प्रयुक्त वगळणार. हे तारखेसह ओएसएफसारख्या मुक्त संकेतस्थळावर टाकता येतं. आधी निकाल बघून मग गाळण ठरवली की हवा तो निष्कर्ष काढता येतो, आणि परीक्षक ते ओळखतात. चुकांचं प्रमाणही स्वतंत्रपणे मांडा. एखाद्या स्थितीत वेग वाढला आणि चुकाही वाढल्या, तर नियंत्रण सुधारलं असं म्हणता येत नाही. माणसाने घाई केली, एवढंच कळतं.

प्रयोग माणसांवर आहे. कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी मार्गदर्शक शिक्षकांच्या नावे आधी घ्या आणि प्रत्येकाची लेखी संमती घ्या. प्रयुक्त अठरा वर्षांखालचा असेल तर पालकांची संमतीही लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. परवानगी मागाहून मिळत नाही, आणि तिच्याशिवायची माहिती छापता येत नाही.

सगळ्यात जास्त जिथे फसायला होतं

विसंगत आणि जुळणाऱ्या ट्रायलमधला फरक जवळजवळ प्रत्येक माणसात दिसतो. वीस प्रयुक्त घेतले तरी तो ठळकपणे दिसेल. त्यावरून वाटतं की मोजमाप भक्कम आहे, आणि मग लगेच ‘ज्याचा फरक कमी त्याचं नियंत्रण जास्त’ म्हणून त्याची परीक्षेतल्या गुणांशी, ध्यानधारणेशी, भाषांशी सांगड घातली जाते. इथेच पाय घसरतो. परिणाम सगळ्यांत सारखा असतो म्हणूनच तो भक्कम दिसतो, आणि सगळ्यांत सारखा असतो म्हणूनच माणसामाणसांतला फरक दाखवायला तो कमी पडतो. हेज, पॉवेल आणि सम्नर यांनी २०१८ मध्ये हा विरोधाभास नीट मांडला, त्यानंतर या क्षेत्राची भाषा बदलली आहे.

आकड्यांत पाहा. माप पुन्हा घेतलं तरी माणसांचा क्रम किती टिकतो, ती त्याची विश्वसनीयता, ० ते १ मध्ये. समजा, जुळणाऱ्या ट्रायलमधला उत्तराचा सरासरी काल ०.९ इतका विश्वसनीय आहे, विसंगतचाही तितकाच, दोघांचा परस्परसंबंध ०.८ आहे आणि दोघांचं विचलन सारखं आहे. मग त्यांच्या वजाबाकीची विश्वसनीयता येते (०.९ − ०.८) ÷ (१ − ०.८), म्हणजे ०.५. दोन उत्तम मापांमधून एक निम्मं विश्वसनीय माप निघालं. आता असंच ०.५ विश्वसनीयतेचं दुसरं माप घेतलंत आणि दोन क्षमतांमधला खरा संबंध ०.४ असला, तर तुमच्या हाती सरासरीने ०.२ एवढाच दिसेल. ०.२ चा संबंध ८० टक्के खात्रीने पकडायला सुमारे १९४ प्रयुक्त लागतात. बी.ए.च्या प्रकल्पात तीस-चाळीस असतात. अशा प्रकल्पात ‘संबंध आढळला नाही’ लिहिलं तरी अर्थ नाही आणि ‘आढळला’ लिहिलं तर जास्तच शंका घ्यायला हवी.

म्हणून तुमच्या माहितीची विश्वसनीयता स्वतः काढा. सम आणि विषम क्रमांकाच्या ट्रायल वेगळ्या करा, प्रत्येक प्रयुक्ताचा फरक दोन्ही गटांत काढा, त्या दोन रांगांचा सहसंबंध घ्या आणि स्पिअरमन-ब्राउनचं सूत्र लावा : २ गुणिले र, भागिले (१ अधिक र), यात र म्हणजे तो सहसंबंध. याला अर्धविभाजन विश्वसनीयता म्हणतात. सहसंबंध ०.५ आला तर उत्तर ०.६७. ते एक्सेलमध्येही होतं. पदवीच्या प्रकल्पात हा एक आकडा दिसला, तरी वाचणारा प्राध्यापक थांबून पुढे वाचतो.

याच वाटेवर दुसरा खड्डाही आहे. ‘इच्छाशक्ती वापरली की संपते’ या कल्पनेवर वर्षानुवर्षं प्रयोग छापले गेले. २०१६ मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी मिळून एकाच आराखड्याने तो प्रयोग केला, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. तुमच्या पत्रात किंवा मेलमध्ये ती कल्पना प्रस्थापित सत्य म्हणून येऊ देऊ नका.

तुमचा द्विभाषिकतेचा प्रश्न

प्रश्न खरा आहे आणि भारताशी त्याचं जुनं नातं आहे. द्विभाषिकांचं नियंत्रण सरस दाखवणाऱ्या, एलेन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांच्या २००४च्या गाजलेल्या अभ्यासात तमिळ-इंग्रजी बोलणारे भारतीयही होते. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हैदराबादच्या ६४८ डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) रुग्णांच्या नोंदी तपासल्या. द्विभाषिकांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांमध्येही. पण निरोगी प्रौढांच्या नियंत्रण-चाचण्यांचं चित्र पालटलं आहे. २०१८च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, अनुकूल निकालच जास्त छापले जाण्याचा दोष दुरुस्त केल्यावर द्विभाषिकांचा फायदा उरला नाही.

तुम्ही म्हणता तशी मुलांची तुलना महाराष्ट्रात बसवणं फार कठीण आहे. निव्वळ एकभाषिक मूल सापडणार कुठे? सांगली-मिरजेत मराठीबरोबर कानडी, हिंदी, उर्दू कानावर पडतच असते. मराठी माध्यम आणि इंग्रजी माध्यम असे गट केलेत तर भाषेबरोबर फी, घरातलं शिक्षण, शिकवण्या, संगणकाची सवय, सगळंच बदलतं. फरक आला तर तो कशाचा, हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. त्यात वर सांगितलेली विश्वसनीयतेची अडचण, आणि अठराखालच्या मुलांच्या परवानग्या. विषय सोडू नका, प्रश्न वळवा. माणसामाणसांची तुलना सोडून एकाच माणसाच्या आतली तुलना करा.

एक रचना सुचवतो. प्रयुक्त सगळे मराठी-इंग्रजी जाणणारे, अठराच्या वरचे. पडद्यावर १ ते ९ मधला अंक येतो आणि भोवतालच्या चौकटीचा रंग सांगतो की मराठीत म्हणायचं की इंग्रजीत. भाषा बदलल्यावर किती उशीर होतो, हे मोजायचं. म्यूटर आणि ऑलपोर्ट यांनी १९९९ मध्ये दाखवलं की सरावाच्या भाषेकडे परत येताना हा खर्च, म्हणजे उशीर, जास्त पडतो. त्यांचं स्पष्टीकरण असं, की कमी सरावाची भाषा बोलताना जास्त सरावाची जोराने दाबावी लागते आणि तो दाब पुढच्या ट्रायलला चिकटून राहतो. मराठी माध्यमात शिकून इंग्रजीत पदवी करणाऱ्यांमध्ये सरावाची भाषा कोणती, आणि अंकांच्या बाबतीत ती वेगळी असते का, हा प्रश्न तुम्ही तुमच्या गावात बसून विचारू शकता.

यात तीन ठिकाणी जपावं लागेल. प्रत्येक भाषेला एकच रंग दिलात तर भाषा बदलली की रंगही बदलतो, मग उशीर भाषेचा की रंगाचा हे कळत नाही. म्हणून प्रत्येक भाषेला दोन-दोन रंग द्या आणि रंग प्रत्येक ट्रायलला बदला. दुसरं, आवाज सुरू झाला की आपोआप वेळ नोंदवणाऱ्या साधनावर विसंबू नका. ‘सहा’, ‘सात’, ‘सिक्स’, ‘सेव्हन’ यांतला स सुरुवातीला इतका मऊ असतो की साधन तो उशिरा पकडतं. पूर्ण ध्वनिमुद्रण करा आणि आवाजाची लहर बघून आरंभ ठरवा. काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळता येत नाही. तिसरं, लागोपाठ तोच अंक येऊ देऊ नका.

बोलण्याचं ध्वनिमुद्रण झेपणार नसेल तर फ्लँकरवरच दुसरा प्रश्न आहे. विसंगत ट्रायलनंतर लगेच येणाऱ्या ट्रायलमध्ये आजूबाजूच्या बाणांचा त्रास कमी होतो, हे १९९२ पासून माहीत आहे. पण दोनच दिशा असतील तर तेच चित्र पुन्हा आल्यानेही वेग वाढतो. म्हणून विषम ट्रायलमध्ये डावे-उजवे बाण आणि सममध्ये वर-खालचे बाण ठेवा, चार वेगळी बटणं द्या, आणि चुकीनंतरची ट्रायल विश्लेषणातून काढा, कारण चूक झाली की माणूस तसाही मंदावतो. एवढं करून परिणाम टिकला तर बोलण्यासारखं काही हाती लागलं.

एक चाचणी मात्र पहिल्या प्रकल्पात घेऊ नका, ती म्हणजे स्टॉप-सिग्नल. बटण दाबायला निघालेला हात संकेत येताच रोखायचा, एवढी ती सोपी दिसते. पण थांबायला लागलेला वेळ प्रत्यक्ष दिसत नाही, प्रतिमानातून काढावा लागतो. थांबण्याचा संकेत चारांतल्या एकाच ट्रायलमध्ये द्यायचा, त्याचा उशीर ५० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी मागे-पुढे करत राहायचं, आणि माणसं संकेताची वाट बघत मुद्दाम हळू होत नाहीत ना, हे पाहत राहायचं. यातलं काही बिघडलं तर आकडा येतो, पण अर्थहीन येतो.

गणित, कोड, मेंदूची यंत्रं

आठवड्याला सहा तास धरा. पहिले तीन-चार महिने बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं : फल, लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, विकलनाची कल्पना, संभाव्यता, आणि साइन-कोसाइनचा आलेख. शांकव वगळले तरी चालतील. पुढचे तीन-चार महिने रेषीय समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन. टी-चाचणी आणि एनोव्हा या गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या चाचण्या त्याचीच रूपं आहेत, हे एकदा हाताने करून पाहिलंत की संख्याशास्त्राची निम्मी भीती जाते. पायथन किंवा आर यांतली एकच भाषा धरा आणि स्वतःच्या फ्लँकरच्या फाइलवर शिका. परक्या उदाहरणांवर शिकलेलं कोड महिन्यात विसरतं. त्यानंतर हवं तर न्यूरोमॅचचा उन्हाळी ऑनलाइन अभ्यासक्रम घ्या. त्याआधी घेतलात तर दुसऱ्या दिवशीच हात टेकाल.

ईईजी (डोक्यावरून मेंदूचे विद्युतसंकेत टिपणं) आणि एफएमआरआय (मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा स्कॅन) आत्ताच यायला हवं असं कोणी धरत नाही. त्यांची प्राथमिक ओळख असली की पुरे. एफएमआरआयमधला रक्तप्रवाहाचा संकेत घटनेनंतर पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो, ईईजी मिलिसेकंदांत बोलतं पण जागा अंदाजानेच सांगतं. चूक झाल्यावर शंभर मिलिसेकंदांच्या आत डोक्याच्या मधल्या-पुढच्या भागावर येणारी लाट आणि ४ ते ८ हर्ट्झचा थीटा ताल, हे दोन्ही तुमच्या विषयाच्या केंद्राजवळचे आहेत. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर दुसऱ्यांची माहिती मोफत मिळते, त्यातली एक उतरवून सराव करा. ५० हर्ट्झवर टोकदार उंचवटा दिसला तर तो मेंदूचा नव्हे, आपल्याकडच्या विजेचा. आणि पुढे कुठल्या प्रयोगशाळेत मदतीला गेलात तर प्रयुक्तांना आदल्या दिवशीच बजावा की केस धुऊन या, तेल लावू नका. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड धरत नाहीत आणि तासभर त्यातच जातो.

कुठे जायचं

भारतात हा विषय माणसांवर शिकवणारी आणि करणारी ठिकाणं मोजकी आहेत. अलाहाबाद विद्यापीठातलं वर्तन व बोध विज्ञान केंद्र, आयआयटी गांधीनगरचा कॉग्निटिव्ह सायन्सचा एम.एस्सी., आयआयटी कानपूरचा याच नावाचा विभाग, आणि हैदराबाद विद्यापीठाचं न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेसचं केंद्र. शेवटच्या ठिकाणी रमेश मिश्रा द्विभाषिकता आणि नियंत्रण यांवरच काम करतात, म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या अगदी शेजारी. बंगळूरच्या आयआयएससीत आदित्य मूर्ती यांची प्रयोगशाळा डोळ्यांच्या आणि हातांच्या हालचाली कशा आखल्या जातात व ऐनवेळी कशा रोखल्या जातात यावर काम करते. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि बंगळूरचं निम्हान्स पीएचडीसाठी पाहा. पुण्याचं आयसर आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था इथे चेताविज्ञान आहे, पण बराचसा भाग प्राणी, पेशी आणि प्रतिमानांचा. घराजवळ म्हणून अर्ज करण्याआधी प्रयोगशाळांची नावं बघून घ्या.

माझं मत विचाराल तर साध्या एम.ए. मानसशास्त्राऐवजी कॉग्निटिव्ह सायन्सचा एम.एस्सी. आधी पाहा. तिथे वेगवेगळ्या शाखांची मुलं येतात, त्यामुळे गणित पहिल्या पायरीपासून घेण्याची सोय असते. पात्रतेच्या अटी वर्षागणिक बदलतात, त्या वर्षाची जाहिरातच वाचा. तिथे नाही झालं तर एम.ए.ही चालेल, फक्त प्रबंध प्रयोगाचाच घ्या, प्रश्नावलीचा नको. नेट किंवा गेट यांत मानसशास्त्र घेता येतं. गेटच्या मानव्यविद्येच्या प्रश्नपत्रिकेत ते २०२१ पासून आहे.

घरच्यांना सांगायला : जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, आणि नंतर प्राध्यापकपद मिळेलच असं नाही. हे लपवू नका. समुपदेशन हे चांगलं काम आहे, पण त्याचा डिप्लोमा या रस्त्यावर तुम्हाला पुढे नेत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याचा मार्गही वेगळा, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. बी.एड. दोन वर्षांनीही करता येतं. म्हणून घरच्यांकडे दोन वर्षांची मुदत मागा.

मेल

इंग्रजीत, दोनशे शब्दांच्या आत. ‘लहानपणापासून मेंदूचं कुतूहल’ हे वाक्य नको, आदरार्थी विशेषणांची माळ नको, आणि दहा प्राध्यापकांना एकच मजकूर तर नकोच. विषयाच्या ओळीत प्रश्न लिहा, ‘इंटर्नशिपसाठी विनंती’ नव्हे. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या एका शोधनिबंधातला एक नेमका मुद्दा. दुसऱ्यात तुमचं काम, या धाटणीचं : ‘मराठी-इंग्रजी बोलणाऱ्या इतक्या प्रयुक्तांवर भाषाबदलाचा खर्च मोजला, मराठीकडे वळताना तो इतका आणि इंग्रजीकडे वळताना इतका आला, अर्धविभाजन विश्वसनीयता एवढी. विरामाचा काल मी एकच ठेवला होता, त्यामुळे तयारीचा परिणाम वेगळा काढता आला नाही. माहिती आणि कोड या दुव्यावर आहेत.’ तिसऱ्यात मागणी, तारखांसह : मे-जूनचे आठ आठवडे, काय करू शकेन, पुढे कशासाठी अर्ज करायचा आहे. गणित बारावीला नव्हतं हे स्वतःहून सांगा आणि त्यावर काय केलंत हेही त्याच ओळीत लिहा. मागून कळण्यापेक्षा ते बरं.

उन्हाळ्यासाठी मेल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाठवा. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा आणि त्याच प्रयोगशाळेतल्या एखाद्या पीएचडी विद्यार्थ्यालाही वेगळं लिहा. प्राध्यापकांपेक्षा विद्यार्थी लवकर उत्तर देतात, आणि तुमची फाइल उघडून कोड चालवून पाहणारेही बहुधा तेच असतात. म्हणून दुवा पाठवण्याआधी तो कोड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर एकदा चालवून बघा.